फळा गेला, पडदा आला. पोरं मात्र गप्पच

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे एकामागून एक येतात. पिरंगुटवरून मुठा खोऱ्याच्या अंगाला वळले की उरवडे. मुळशी हा भाताचा, आंबेमोहोराचा तालुका, ही ओळख अजून पुसलेली नाही. पण आता खाचरांच्या शेजारीच कारखान्यांच्या शेड आणि गोडाऊनच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. त्या फाटकांवर आणि भिंतींवर जे काही लिहिलेले असते ते बहुतेक इंग्रजीत. रस्त्याच्या पलीकडल्या बाजूला लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठे. तिथला सगळा कारभार इंग्रजीतून. म्हणजे उरवड्याच्या पोरांना इंग्रजी काही सातासमुद्रापलीकडची राहिलेली नाही. ती गावाच्या वेशीत येऊन बसली आहे.

प्रश्न असा, की दहा वर्षे शाळेत इंग्रजीचा तास करून बाहेर पडलेले गावचे पोर त्या फाटकाच्या आत गेले की तोंड उघडते का? ज्यांच्या घरची जमीन गेली, त्यांच्या पोटापाण्याचा हा प्रश्न आहे. "आमचं राहिलं ते राहिलं, पोरांचं तरी व्हावं," असे म्हणून कितीतरी आईबाप पोटाला चिमटा घेतात आणि पोराला इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या गाडीत बसवतात. ज्यांना ते जमत नाही त्यांची भिस्त जिल्हा परिषदेच्या शाळेवर. म्हणून या शाळांत इंग्रजी कशी शिकवली जाते, याचा हिशेब गावानेच मांडायला हवा.

पंचवीस वर्षांचा हिशेब

मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. सन २००० मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी ती पहिलीपासून आणली. मोरे आपल्याच पुणे जिल्ह्याचे. तेव्हा वाद पुष्कळ झाला. पहिलीच्या पोराच्या डोक्यावर परकी भाषा कशाला, मराठीचे काय होणार, असे विद्वानांनी विचारले. खेड्यापाड्यातल्या पालकांनी मात्र निर्णय उचलून धरला. शहरातल्या पोराला जे पहिलीपासून मिळते ते आमच्या पोराला पाचवीपासून का, असा त्यांचा साधा सवाल होता. तो रास्तच होता.

त्या निर्णयाला पंचवीस वर्षे उलटून गेली. पहिल्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत, त्यातल्या कित्येकांची मुले आता शाळेत जातात. एवढ्या काळात काय पदरात पडले? 'असर' या नावाने ओळखली जाणारी ग्रामीण शिक्षणाची पाहणी देशभर होते. तिच्या २०२२ च्या अहवालानुसार, पाचवीतल्या दर शंभर मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी मुले होती २४.५. सहा वर्षांपूर्वी, २०१६ मध्ये हाच आकडा होता २४.७. आठवीत तो ४६.७ भरला, म्हणजे आठवीपर्यंत पोचूनही निम्म्याहून अधिक मुलांना साधे वाक्य वाचता आले नाही. हे आकडे साऱ्या देशातल्या ग्रामीण भागाचे आहेत. आपल्या तालुक्याचा आकडा थोडा वरखाली असेल, पण चित्र कोणाही शिक्षकाच्या ओळखीचे आहे.

गेल्या वर्षभरात भाषेवरून महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तोही यासंदर्भात आठवावा. १६ एप्रिल २०२५ रोजी शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करण्याचा निर्णय काढला. विरोध झाला, जून महिन्यात सुधारित निर्णय निघाला, आणि शेवटी २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या साऱ्या वादात कोणती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून, यावर रान उठले. जी भाषा पहिलीपासून आहेच ती वर्गात शिकवली कशी जाते, यावर मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. खरे दुखणे तिथेच आहे.

घोडे अडते कुठे?

आपल्या पोरांचे डोके कमी पडते असे मुळीच नाही. अडचण समजून घ्यायला आधी आपली मराठी पाहावी लागते. देवनागरीत अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज एकच. 'क' म्हटले की 'क'. इंग्रजीत तसे नाही. पोर 'सी, ए, टी' असे घोकते, पण सी-ए-टी भरभर म्हटले तरी त्यातून 'कॅट' काही निघत नाही. तेच 'सी' अक्षर 'सिटी'मध्ये 'स' होते. अक्षरांची नावे पाठ करून घ्यायची आणि आवाज सांगायचे नाहीत, मग वाचन कसे येणार? पोर शब्दाचे चित्र डोळ्यांनी लक्षात ठेवते. पुस्तकातला धडा घडाघडा म्हणते, आणि तोच शब्द दुसऱ्या कागदावर दिसला की अडते. शिक्षक म्हणतात, "काल तर येत होतं!" काल ते वाचत नव्हते, म्हणत होते.

दुसरी अडचण वाक्याची. आपण म्हणतो, 'मी भात खातो'. क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते मध्ये येते. पोर मराठी वाक्य मनात धरून एकेक शब्द उलथवते आणि म्हणते, 'आय राइस ईट'. आपल्याकडे प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावले की झाले. इंग्रजीत 'डू' किंवा 'डझ' पुढे आणून ठेवावे लागते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या शिकल्या त्यांनी ही गाठ नियम पाठ करून सोडवली. त्या काळी इंग्रजी लिहायला शिकायची होती, सरकारी कचेरीत अर्ज करायचा होता. आज कारखान्यातला सुपरवायझर समोर उभा राहून विचारतो. तिथे नियम आठवायला वेळ नसतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि तीच सर्वांत कमी बोलली जाते. ती वेळेची. तीस मुलांचा वर्ग धरू. पस्तीस मिनिटांचा तास. हजेरी, वह्या, 'शांत बसा' यात पाच मिनिटे जातात. उरली तीस. गुरुजींनी किंवा बाईंनी प्रत्येक मुलाला उभे करून बोलते केले तर एकेकाच्या वाट्याला एक मिनिट. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाचे २०० कामाचे दिवस ठरवले आहेत. म्हणजे वर्षाला २०० मिनिटे, सव्वातीन तासांच्या जरा वर. पाच वर्षांत पुरते सतरा तासही नाहीत. हेही शिक्षक स्वतः अजिबात बोलले नाहीत असे धरून! प्रत्यक्षात पुढच्या बाकावरची चार पोरे उत्तर देतात, मागची भिंतीला टेकतात. मग पाच वर्षे इंग्रजी शिकूनही पोर बोलत नाही याचे नवल ते काय? सायकलच्या चाकांची आकृती वहीत काढून कोणी सायकल शिकत नाही.

त्यातच छोट्या गावच्या शाळेचे गणित वेगळे. कायद्यानुसार प्राथमिक शाळेचा पट साठपर्यंत असेल तर शिक्षक दोन. म्हणजे दोन माणसांनी चार-पाच इयत्ता हाकायच्या, शिवाय पोषण आहार, ऑनलाइन माहित्या आणि निवडणुकीची कामे. औद्योगिक पट्ट्यातल्या गावांत कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलेही वर्गात असतात. त्यांच्यातल्या काहींना मराठीच नवी असते, तिथे इंग्रजी तिसरी की चौथी, कोण मोजणार!

यंत्रे आली, पण बोलतो कोण?

या दुखण्यावर दर दहा वर्षांनी एक नवे यंत्र औषध म्हणून येते. आधी रेडिओ आला, मग दूरदर्शन, मग संगणक. तो कित्येक शाळांत प्लास्टिकच्या आवरणाखाली धूळ खात राहिला. नंतर प्रोजेक्टर, टॅब, मोठा दूरदर्शन संच. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. केंद्राचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. टाळेबंदीच्या काळात, २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका दाखवण्यात आली आणि ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्या घरांतही धडे पोचले. यातले कोणतेच साधन वाईट नाही. काहींच्या मागे फार चांगल्या माणसांची मेहनत आहे.

पण वर्गात घडते काय ते पाहा. बाई संच चालू करतात. पडद्यावर रंगीत ससा उडी मारतो, गोड आवाजात इंग्रजी गाणे लागते. पोरे टाळ्या वाजवतात, खूश होतात. तास संपतो. पस्तीस मिनिटांत बोलले कोण? ससा! पोरांचे कान इंग्रजीला सरावले हा फायदा झाला, तो नाकारता येत नाही. पण तोंड होते तिथेच. पूर्वी गुरुजी बोलायचे आणि पोरे ऐकायची, आता पडदा बोलतो आणि पोरे ऐकतात. फळा गेला, पडदा आला. पोरं मात्र गप्पच.

पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने 'वुई लर्न इंग्लिश' हा आवाजी कार्यक्रम तयार केला होता, तो पुढे आकाशवाणीवरून शाळांत पोचला. यंत्र म्हणाल तर साधा रेडिओ. पण कार्यक्रमाची घडण अशी, की मराठीचा आधार देत मुलांना इंग्रजी वाक्य ऐकवायचे आणि लगेच थांबून मुलांनी बोलायचे. शिक्षकाचे इंग्रजी कच्चे असले तरी वर्ग चालायचा. महागड्या पडद्याला जे जमत नाही ते या जुन्या रेडिओला का जमावे? कारण तो मध्येच गप्प बसत होता. पोराला बोलायला जागा ठेवत होता.

ज्या शाळांची नावे महाराष्ट्रात झाली त्यांच्याकडे पाहिले तरी हेच दिसते. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी डिजिटल वर्ग उभा केला आणि लोकवर्गणीतून डिजिटल शाळा करण्याची लाट राज्यभर पसरली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्या जिल्ह्यात शिरूरची वाबळेवाडी आणि खेडचे जालिंदरनगर या जिल्हा परिषद शाळांची नावे दूरवर गेली. या सर्व ठिकाणी यंत्राआधी माणूस उभा राहिला, आणि माणसामागे गाव. नुसता संच आणून भिंतीला टांगला म्हणून कुठलीही शाळा मोठी झालेली नाही.

खर्च कमी, बोलणे जास्त

मग करावे काय? ज्या युक्त्या खरोखर चालतात त्यातल्या बऱ्याचशांना पैसा लागत नाही.

पहिली युक्ती, जोड्या लावणे. तीस मुलांच्या पंधरा जोड्या केल्या आणि दहा मिनिटे एकमेकांशी बोलायला सांगितले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. वर्षाला हजार मिनिटे, म्हणजे साडेसोळा तासांच्या वर. पाच वर्षांचे बोलणे एका वर्षात! गोंगाट होईल, मुख्याध्यापक दारातून डोकावतील. चुकाही होतील. होऊ द्याव्यात. बाळ मराठी बोलायला लागते तेव्हा आपण त्याचे व्याकरण तपासत बसत नाही.

दुसरी युक्ती, शब्दांना उभे करणे. तीन मुलांच्या हाती तीन पाट्या द्यायच्या: 'आय', 'राइस', 'ईट'. ती आधी मराठी वाक्याच्या क्रमाने उभी राहतील. मग 'ईट'ला हाताला धरून मध्ये आणायचे. जागा बदलली, वाक्य इंग्रजी झाले. 'आय'च्या जागी 'यू' आणली आणि चौथे पोर 'डू'ची पाटी घेऊन सर्वांत पुढे येऊन उभे राहिले, की प्रश्न तयार. जो नियम फळ्यावर महिनाभर डोक्यात शिरत नाही तो पोरे पायांनी शिकतात.

तिसरी, हुकमाचा खेळ. 'दाराला हात लाव', 'खडू उचल', 'दोन पावले मागे जा' अशा इंग्रजी आज्ञा शिक्षकांनी द्यायच्या आणि मुलांनी करून दाखवायच्या. जेम्स आशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. लहान मूल आधी ऐकून कृती करते आणि मग बोलते, हे त्याचे सूत्र. आठ दिवसांनी आज्ञा द्यायचे काम पोरांकडेच द्यावे. मागच्या बाकावरचे पोर गुरुजींना 'स्टँड अप' म्हणते तेव्हा त्याची भीड कायमची मोडते.

चौथी, धावते शुद्धलेखन. व्हरांड्याच्या भिंतीवर पाच वाक्यांचा कागद चिकटवायचा. जोडीतल्या एकाने पळत जाऊन वाक्य वाचायचे, परत येऊन जोडीदाराला तोंडी सांगायचे, त्याने लिहायचे. वाचणे, लक्षात ठेवणे, बोलणे, ऐकणे, लिहिणे, सगळे एका खेळात येते.

पाचवी युक्ती, खरेखुरे काम देणे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि दक्षिणेतल्या इतर काही ठिकाणी साध्या शाळांत प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी मुलांना वेळापत्रके, नकाशे यावरची कोडी सोडवायला दिली. हाती असायचा फळा आणि खडू. आज जगभर या पद्धतीचे नाव घेतात. आपल्याकडे पिरंगुटहून सुटणाऱ्या बसचे वेळापत्रक आहे, दुकानातले बिल आहे, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर आहे. 'साडेदहाला पुण्यात पोचायचं तर कोणती गाडी धरायची?' हा प्रश्न इंग्रजीत सोडवायला लावला तर धडा आपोआप होतो.

आता या युक्त्यांना यंत्राची जोड द्यावी. ती अशी द्यावी की पोर जास्त बोलेल. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी जवळपास ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला. ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. मात्र आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेला सांगणारी मुले ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेला सांगणारी ७६ टक्के. म्हणजे यंत्र घरात आले आहे, त्याला कामाला लावायचे राहिले आहे.

मोबाइलमधला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे आवाज मुद्रित करणारा साधा रेकॉर्डर. त्याला इंटरनेट लागत नाही, पैसेही लागत नाहीत. पोराने पाच ओळी वाचून मुद्रित कराव्या, स्वतः ऐकाव्या, पुन्हा वाचाव्या. आपला आवाज ऐकला की चूक आपली आपल्याला कळते, चारचौघांत फजिती होत नाही. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट फार मोलाची आहे. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचे मुद्रण पालकांना ऐकवावे. इंग्रजीचा गंध नसलेल्या आईलाही पोर पुढे गेले की नाही ते कानाने समजते.

दुसरे साधन, मोठ्याने वाचून घेणारे मोबाइलमधले ॲप. गुगलचे असे एक ॲप २०१९ मध्ये 'बोलो' नावाने आले, पुढे त्याचे नाव 'रीड अलाँग' झाले. पोर वाचते, यंत्र ऐकते आणि अडलेला शब्द म्हणून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट नसले तरी चालते, हे डोंगराच्या अंगाच्या वाड्यांना सोयीचे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीतही फुकट मिळते. आधी मराठीत वाचून हसायचे, मग तीच इंग्रजीत वाचायची. अर्थ माहीत असल्याने भीती निम्मी होते. दोन शिक्षकी शाळेत एका इयत्तेला अशी गोष्ट ऐकायला देऊन दुसऱ्या इयत्तेकडे वळता येते.

शिक्षकांचीही सोय पाहिली पाहिजे. अनेकांचे स्वतःचे शिक्षण मराठीतून झालेले. त्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणात बसवून प्रमाणपत्र दिले म्हणजे काम झाले असे नाही. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी २०१६ ते २०१९ या काळात काही जिल्ह्यांत 'तेजस' प्रकल्प राबवला. त्यात शिक्षकांचे छोटे गट महिन्याला एकत्र बसत, आपापल्या वर्गातल्या अडचणी मांडत, एकमेकांशी इंग्रजीत बोलायचा सराव करत. प्रकल्प येतात नि जातात. पण केंद्रातल्या दहा शिक्षकांनी महिन्यातून दोन तास एकत्र बसायला प्रकल्पाची वाट कशाला पाहायची?

नव्या यंत्राचा नवा धोका

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि गोष्ट आणखी बदलली. आता पोराने मराठीत विचारले तरी यंत्र सुबक इंग्रजीत निबंध लिहून देते. पूर्वी गाईड आणि 'अपेक्षित' होते, ते निदान वाचावे लागे. आता न वाचताच वही भरते. गुण मिळतील, भाषा येणार नाही.

बंदी घालून हे थांबायचे नाही. वापरण्याची रीत शिकवावी लागेल. आधी आपण पाच वाक्ये लिहायची, मग यंत्राला चुका विचारायच्या आणि शेवटी मोबाइल पालथा ठेवून तेच वर्गापुढे तोंडी सांगायचे. तोंडी सांगता आले तर ते पोराचे, नाही तर यंत्राचे. शिवाय ही यंत्रे कधी कधी चुकीचेही ठामपणे सांगतात. म्हणून शिक्षकाची नजर हवीच.

हे कशासाठी?

कोणी म्हणेल, इंग्रजीचे एवढे स्तोम कशाला? मराठी पक्की नसेल तर इंग्रजीही येत नाही, हे खरेच आहे आणि वरच्या सगळ्या युक्त्या मराठीच्या पायावरच उभ्या आहेत. पण उरवड्याला इंग्रजी हवी ती मिरवायला नव्हे.

७ जून २०२१ रोजी उरवड्यातल्या एका रसायन कारखान्याला आग लागली. पंधराहून अधिक कामगार गेले, त्यात बहुतेक बाया होत्या. त्या आगीचे कारण भाषा होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. तसे कोणी म्हणूही नये. कामगारांच्या जिवाची जबाबदारी मालकाची आणि तपासणी करणाऱ्या यंत्रणेची, ती कामगाराच्या शिक्षणावर ढकलता येत नाही. सूचना मराठीत लावा, असा आग्रह गावाने धरलाच पाहिजे. तरीही त्या दिवसानंतर एक प्रश्न मनातून जात नाही. या पट्ट्यातल्या कारखान्यांत येणाऱ्या पिंपांवर आणि खोक्यांवर काय लिहिलेले असते, ते हाताळणाऱ्या बाईला वाचता येते का?

एक उदाहरण घ्या. इंग्रजीत शब्दाच्या आधी 'इन' लागले की बहुधा अर्थ उलटा होतो. 'करेक्ट' म्हणजे बरोबर, 'इनकरेक्ट' म्हणजे चूक. 'फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारे. मग 'इन्फ्लेमेबल' म्हणजे काय? अर्धवट इंग्रजी येणारा म्हणेल, पेट न घेणारे. चूक! त्याचाही अर्थ पेट घेणारे असाच आहे. परीक्षेत या चुकीला एक गुण जातो. गोडाऊनमध्ये ती फार महागात पडू शकते. आपल्या आठवीच्या पुस्तकाशेजारी असा एक धडा शिक्षकांनी स्वतः बसवावा: पिंपावरची चिन्हे, औषधाच्या बाटलीवरची सूचना, 'एक्झिट', 'डेंजर', 'पुल' आणि 'पुश'. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

गावाने काय विचारावे?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शासकीय शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या जागा बायकांच्या. म्हणजे शाळेत काय चालते हे विचारायचा हक्क गावाला कायद्यानेच दिला आहे. कंपनी कायद्यानुसार २०१४ पासून ठरावीक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि कायदा म्हणतो की आसपासच्या भागाला आधी प्राधान्य द्यावे. सगळेच कारखाने त्या टप्प्यात बसत नाहीत, पण जे बसतात त्यांच्या दारात समितीने जायला काय हरकत आहे?

फक्त जाताना काय मागायचे हे ठरवून जावे. आजवर आपण संच मागितले, टॅब मागितले. ते आले, फोटो निघाले. पुढे वीजबिल थकले किंवा एक सुटी वस्तू बिघडली की सारे बंद. आता मागायचे तर तीन गोष्टी मागाव्यात: दुरुस्तीचा आणि विजेचा पाच वर्षांचा खर्च, वर्गवाचनालयासाठी मराठी-इंग्रजी जोडीची गोष्टींची पुस्तके, आणि महिन्यातून एकदा शाळेत येऊन पोरांशी सोप्या इंग्रजीत गप्पा मारणारा कंपनीतला माणूस किंवा लवळ्याच्या विद्यापीठातला विद्यार्थी. तिसऱ्या मागणीला पैसे लागत नाहीत आणि फायदा तिचाच सर्वांत मोठा.

समितीच्या बैठकीत शिक्षकांना एकच प्रश्न विचारावा: "काल माझं पोर इंग्रजी किती मिनिटं बोललं?" अभ्यासक्रम कुठपर्यंत आला, संच चालू आहे की बंद, हे नंतर. शिक्षकांना कोंडीत पकडायला हा प्रश्न नाही. त्यांच्या मागची कागदपत्रांची कामे कमी करून तो वेळ वर्गाला मिळावा म्हणून वरच्या कचेरीत भांडायलाही हाच आकडा गावाच्या उपयोगी पडेल.

दर १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर एखादी चुणचुणीत मुलगी माइकसमोर येते आणि 'रिस्पेक्टेड चीफ गेस्ट' असे म्हणून पाठ केलेले भाषण न अडखळता म्हणून दाखवते. टाळ्या पडतात, सरपंच बक्षीस देतात. यंदा पाहुण्यांनी भाषण संपल्यावर तिला थांबवून, प्रेमाने, इंग्रजीत दोनच साधे प्रश्न विचारावेत. सकाळी काय खाल्लं? शाळेत कोणाबरोबर आलीस? ती अडखळत का होईना, चुकतमाकत का होईना, पण स्वतःच्या शब्दांत उत्तर देईल, तर ओळखावे की उरवड्याच्या शाळेत इंग्रजी आली.